अण्णांचा फोन आता कोण घेणार?

पत्र:

'काळाचौकीच्या एका चाळीतून लिहिते आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझे सासरे, अण्णा, शहात्तर वर्षांचे आहेत. महापालिकेच्या जल खात्यात फिटर म्हणून लागले आणि 2008 साली मुकादम म्हणून निवृत्त झाले. पण निवृत्ती फक्त पगारातून. चाळ कमिटी, गणपती मंडळ (तिथे ते ट्रस्टी आहेत), रक्तदान शिबिर, गावाहून केईएमला आलेला पेशंट, कोणाचा दाखला, कोणाची मयत, सगळीकडे अण्णा. गिरणी संपात आमच्या मजल्यावर त्यांचा एकट्याचा पगार चालू होता, तेव्हापासून हे सुरू झालं असं सासूबाई सांगायच्या. 2005 च्या 26 जुलैला माझा मुलगा सहा महिन्यांचा होता. अण्णा ड्यूटीवर कुर्ल्याला गेले ते तिसऱ्या दिवशी परतले, आणि आल्या आल्या विचारलं काय, तर "आपल्या टाकीत पाणी चढलं का?" मी ते विसरलेले नाही.

यंदा फेब्रुवारीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी जपायला सांगितलं. महिना व्हायच्या आत स्वारी वॉर्ड ऑफिसात. माझे मिस्टर चिडतात, मग दोघांत अबोला, आणि मधल्या मध्ये मी. अण्णांसाठी येणारे फोनही मीच घेते. मुलगा म्हणतो ऑनलाइन तक्रार करा, अण्णा म्हणतात ऑनलाइनने नळाला पाणी येत नाही. मंडळाने त्यांचा जाहीर सत्कार ठरवलाय. अण्णा म्हणतात, मेल्यावर करा. त्यात एका पक्षाचा माणूस सांगून गेला की पुढच्या वेळी वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तर वहिनींना उभं करू, अण्णांचं काम आहेच. मला एवढंच विचारायचंय, यांना थांबवायचं कसं?'

एक सून, काळाचौकी

ताई,

अण्णांना थांबवता येणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे त्या खटपटीत जाणारा तुमचा वेळ आणि घरातला अबोला दोन्ही वाचेल. आयुष्यभर लोकांत वावरलेला माणूस जबरदस्तीने घरी बसवला की काय होतं ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय. तो आधी टीव्हीशी भांडतो, मग सुनेशी. थांबवायच्या नादाला लागण्यापेक्षा त्यांच्यामागे चार माणसं उभी करा. आज त्यांच्यामागे कोणी नाही हे अण्णांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, आणि म्हणूनच ते स्टेंट बसवलेल्या छातीने जिने उतरतात.

सासूबाईंच्या तोंडचं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात. मी त्याच्यापाशी थांबले. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतला गेलाच नाही. लालबाग-परळ-काळाचौकीत त्या काळात काय झालं ते तुम्ही कंटाळा येईस्तोवर ऐकलं असेल. त्यातली एक बाजू मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्याच चाळींत पोस्टातले, रेल्वेतले, बेस्टमधले, पालिकेतले लोकही राहत होते आणि त्यांचा पगार दर महिन्याला येत होता. शेजारच्या खोलीतली तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली आहेत, पोरांची नावं शाळेतून काढून त्यांना गावाला धाडलं जातंय, वाणी उधारीची वही मिटून बसलाय, आणि आपल्या घरात पगाराचं पाकीट येतंय. अण्णा तेव्हा तिशीत. बरोबरीचे दोस्त, नातेवाईक, जेवायला एकत्र बसणारी माणसं गिरणीतलीच असणार. अशा वेळी काही जण दार लावून घेतात. काहींना ते पाकीट जन्मभर टोचत राहतं. अण्णा या दुसऱ्यांतले दिसतात. त्यांना 'आता पुरे' म्हटलं की 'तुमची फेड झाली' असं त्यांच्या कानावर पडत असणार, आणि ती झाली असं त्यांना वाटत नाही.

हा माझा अंदाज. खरं काय ते त्यांनाच विचारा. सत्कारात माइकवर नको. घरी, चहाच्या वेळी, तुमचा मुलगा समोर असताना विचारा: 'अण्णा, संपात तुम्ही काय काय केलंत?' पहिल्या दिवशी 'काय करणार, जमेल ते केलं' एवढंच मिळेल. सोडू नका.

आता अण्णांबद्दल थोडं कडू बोलते. चाळीस-चाळीस वर्षं एकच माणूस सगळं करत असेल, तर त्यात मोठेपणा असतो तसा हट्टही असतो. अशा माणसांच्या चाळीत जाऊन विचारा, 'ते कोणाला हात लावू देत नाहीत' हे वाक्य हमखास ऐकू येतं. मंडळाचा हिशेब त्यांच्याच अक्षरात, वॉर्ड ऑफिसात कोणत्या टेबलावर कोण बसतं ते त्यांच्याच डोक्यात, टाकीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच घरच्या खुंटीवर. लोकांनाही ते सोयीचं असतं. वर्गणी दिली, आरतीला उभं राहिलं, की संपलं. बाकीचं बघायला अण्णा आहेतच. एका माणसाच्या सेवेने अख्खी चाळ आळशी होऊ शकते. हे अण्णांना कोणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं, आणि तेही पंचवीस वर्षांपूर्वी.

गोरेगावच्या मृणाल गोरे 1961 साली महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या झगडल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्या बायकांना सोबत न्यायच्या, रिकामे हंडे घेऊन. जी बाई एकदा साहेबासमोर हंडा ठेवून बोलली, ती दुसऱ्या वेळी एकटीने जाऊ शकते. अण्णा मात्र लोकांचे हंडे स्वतःच वाहत आले.

त्यांच्यावरचा भार अलीकडे वाढला असेल, तर तोही उगाच नव्हे. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती आणि नगरसेवक 227, म्हणजे एकामागे पन्नास-पंचावन्न हजार माणसं. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला आणि पुढे बराच काळ नगरसेवकही उरले नाहीत. नळाला गढूळ पाणी आलं तर लोकांनी जायचं कुठे? तिसरा मजला, अण्णांची खोली.

त्यांच्याजवळ जे आहे ते कागदावर उतरवून मिळणार नाही, हेही ध्यानात घ्या. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं. तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी आधी टेकड्यांवरच्या जलाशयांत साठतं आणि तिथून एकेका भागाला सोडलं जातं. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो. चावीवाला टी-आकाराची लांबलचक चावी त्यात घालून किती आटे फिरवतो, त्यावर तुमच्या चाळीची टाकी भरणार की अर्धी राहणार ते ठरतं. पाणी बंद असतं तेव्हा पाइपात दाब नसतो. त्याला कुठे भोक पडलेलं असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर घाण आत ओढली जाते आणि पुढच्या खेपेला नळ सोडला की आधी तेच बादलीत पडतं. कोणी लाइनला थेट मोटर लावली तर वरच्या मजल्यांचं पाणी आटतं, शिवाय ही ओढही वाढते. एवढं तर वाचूनही कळेल. पण आपल्या गल्लीत कोणती लाइन जुनी, कुठल्या वळणावर ती गटाराला चिकटून जाते, कोणतं झाकण डांबरीकरणात गाडलं गेलं, हे कुठल्या नकाशात सापडेलच असं नाही. ते अण्णांच्या पायांना माहीत आहे.

खात्यातली जुनी माणसं गळती कानाने शोधतात. रात्री रहदारी थांबली की लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. असाच एक निवृत्त फिटर कॉलेजातल्या पोराला हे शिकवत असताना मी तिथे उभी होते. पोराला नुसता टॅक्सीचा आवाज येत होता. म्हातारा म्हणाला, 'तो वरचा. त्याच्या खालचा ऐक.' पोरगं उकिडवं बसलं, डोळे मिटले, सळई दोनदा सरकवली. एक बस गेली तेव्हा वैतागलं. मग एकदम मान वर करून म्हणालं, 'सूं सूं करतंय.' म्हाताऱ्याने शाबासकी वगैरे काही दिली नाही. 'आता पलीकडे लाव. कुठे मोठा येतो ते सांग,' म्हणाला आणि विडी पेटवली. हे शिक्षण असंच, शेजारी बसून होतं. अण्णांच्या शेजारी आज कोणी बसत नाही, सगळे समोर उभे राहतात.

सगळंच काही इतकं अवघड नाही म्हणा. अण्णा आज जे करतात त्यातलं पुष्कळसं त्यांच्यावाचून होण्यासारखं आहे, आणि हे त्यांच्या गळी उतरवणं तुम्हाला सगळ्यात जड जाईल. ते नोकरीला लागले त्या काळी साध्या दाखल्यालाही ओळख लागायची. आता 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अशा कामांना मुदत बांधून दिली आहे, ती पाळली नाही तर अपील करता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पावसात पाणी तुंबलं, झाड पडलं, तर 1916 वर कोणीही फोन करू शकतं, त्याला मुकादमाचा अनुभव लागत नाही. केईएमला आलेल्या पेशंटसाठी पहाटे केसपेपरच्या रांगेत अण्णांनी का उभं राहावं? तिथे समाजसेवकांचा विभाग आहे, फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र असतात. नातेवाइकाला त्या टेबलापर्यंत नेऊन सोडलं की पुढचं त्याला जमतं. टाटा कॅन्सर हॉस्पिटलला आलेल्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची वाट दाखवायला चाळीतला कोणीही चालेल.

एका रविवारी अण्णांसमोर वही घेऊन बसा आणि गेल्या महिन्यात आलेले फोन एकेक करून लिहा. तुम्हीच घेता, त्यामुळे तुम्हालाच आठवतील. प्रत्येकापुढे एक शेरा मारायचा: त्याचं त्याने करावं, कोणीही करून द्यावं, किंवा अण्णाच हवेत. अण्णा सुरुवातीला सगळेच 'अण्णाच हवेत'मध्ये ढकलतील. वाद घालू नका, लिहून घ्या, पुढच्या रविवारी तीच यादी पुन्हा काढा. 'या बाईचं रेशन कार्ड, अण्णा, तिच्या पोरीला येतं की करता' असं नाव घेऊन म्हटलं की ते ऐकतील. मोघम बोललात तर ऐकणार नाहीत.

तब्येतीचंही तेच. 'जपा' हा सल्ला त्यांच्यासारख्या माणसाच्या काही कामाचा नाही. पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत जा आणि त्यांच्यादेखतच डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा. तीन मजले दिवसात किती वेळा? उन्हात रांगेत उभं राहिलेलं चालेल का? विसर्जनाला किती चालायचं? रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या एखाद्या दिवशी राहिल्या तर काय? त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या. तुमच्या मिस्टरांनी सांगितलं की ती धमकी होते, डॉक्टरांनी सांगितलं की नियम होतो, आणि पालिकेत नोकरी केलेला माणूस नियम पाळतो.

मग असं करता येईल. अण्णांनी दिवसातून एकदाच खाली उतरायचं. संध्याकाळी सहा ते आठ मंडळाच्या खोलीत बसायचं, ज्याला काम असेल त्याने तिथे यावं. त्यांच्या बाजूला रोज एक तरुण माणूस, हातात पेन घेऊन. बोलायचं अण्णांनी, लिहायचं त्याने, आणि दुसऱ्या दिवशी एफ दक्षिणच्या वॉर्ड ऑफिसात जायचंही त्यानेच. तिथून तो हात हलवत परत येईल, बऱ्याचदा येईल. अण्णांना वाटेल, मी गेलो असतो तर पाच मिनिटांत झालं असतं. झालंही असतं. तरी त्यांनी उठायचं नाही. याच एका गोष्टीसाठी तुम्हाला त्यांच्याशी कडक वागावं लागेल, बाकी सगळीकडे सैल सोडा.

बाजूला बसणारा तो माणूस नातूच असला पाहिजे असं नाही. तुमचा मुलगा हुशार असेल, पण आजोबांचा वारसा म्हणून त्याच्या गळ्यात हे बांधू नका. चाळीत नीट पाहा. नुकतं भाड्याने आलेलं एखादं जोडपं असेल, रात्रपाळी करून दिवसा मोकळा असणारा एखादा मुलगा असेल, किंवा पाण्याच्या वेळेला कोणाची बादली आधी यावरून रोज भांडणारी बाई असेल. ती भांडणारी बाई घ्या. तिला पाण्याची वेळ मिनिटासकट माहीत असते.

ऑनलाइनच्या वादात आजोबा आणि नातू दोघंही बरोबर आहेत. तक्रारीचा नंबर आणि तारीख हातात असली की कोणाला 'आमच्याकडे काही आलंच नाही' म्हणता येत नाही, आणि एकाच गल्लीतून पंधरा नंबर गेले की साहेबाला ते डोळ्याआड करणं कठीण. उलट तक्रार 'निकाली' निघूनही पाणी गढूळच येत असेल, तर कोणीतरी टेबलापर्यंत जाऊन 'साहेब, चला, दाखवतो' म्हणावंच लागतं. तेव्हा नातवाने टाइप करावं आणि मजकूर अण्णांनी सांगावा. 'पाणी येत नाही' ही तक्रार कोणीही लिहितो. अण्णा काय सांगतील? पाणी सुटायची वेळ अमुक, अमुक दिवसापासून दाब कमी, समोरच्या इमारतीत पूर्ण येतं, आमच्या कोपऱ्यावर रस्ता खणला होता त्यानंतर हे सुरू झालं. अशी तक्रार वाचली की खात्याच्या माणसाला कळतं, लिहिणारा जाणकार आहे.

फोनचं आता बघा. तुमच्या घरचा नंबर हा मंडळाचा नंबर नाही, आणि तुम्ही मंडळाच्या बिनपगारी ऑपरेटर नाही. मंडळाने एक सिम घ्यावं, आठवड्याला एकाने सांभाळावं. रात्री दहानंतर आग, मयत आणि दवाखाना, बाकी सगळं सकाळी. पहिला महिना लोक तुमच्याच नंबरवर करतील. दुसरा नंबर सांगायचा आणि ठेवून द्यायचा. वाईटपणा येईल, तो घ्या.

सत्कार होऊ द्या. अण्णा नाही म्हणतात, त्यात थोडा संकोच आहे आणि थोडी भीती, की शाल-नारळ दिला म्हणजे आता आपल्याला निरोपच दिला. तुम्ही मंडळाकडे अटी घाला. चौकात बॅनर लावायचा नाही. जो माणूस हयातभर पालिकेत राबला त्याचाच चेहरा विनापरवाना बॅनरवर झळकला तर तो त्या रात्री जेवणार नाही. पुढाऱ्यांना बोलवायचं तर बोलवा, भाषण एकाचंच. आणि त्याच व्यासपीठावर चार जणांची नावं घेऊन जाहीर करा: पाणी हिच्याकडे, दवाखाना याच्याकडे, हिशेब त्याच्याकडे, कागदपत्रं हिच्याकडे. टाकीची किल्ली अण्णांनी आपल्या हाताने द्यावी. लोकांच्या कानावर नावं पडली की उद्यापासून ते त्या नावांना हाक मारतील, एरवी मारणार नाहीत.

परळचा दामोदर हॉल तुमच्या ओळखीचा असणार. तो ज्या सोशल सर्व्हिस लीगचा, ती ना. म. जोशींनी 1911 साली काढली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं चालवली. जोशी स्वतः कामगारांचे एवढे मोठे पुढारी, 1955 मध्ये गेले, पण लीग त्यांच्यानंतरही चालत राहिली. तिची रजिस्टरं जोशींच्या घरच्या खुंटीवर टांगलेली नव्हती म्हणून. सत्काराच्या मानपत्रात काय लिहायचं यावर मंडळाचे लोक डोकं खाजवत असतील तर त्यांना हे सांगा.

उमेदवारीचं काय, तर पक्षाच्या त्या माणसाला तुम्ही दिसलेल्या नाहीत, त्याला अण्णांची सून दिसली आहे. 2011 पासून पालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, ही फार चांगली गोष्ट झाली, आणि तेव्हापासून आरक्षण पडलं की घरातली बाई शोधायची पद्धतही पडली. तुम्हाला स्वतःला आवड आहे का? असेल तर अजिबात लाजू नका. दारी आलेल्या माणसाचं ऐकून घेणं, कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवणं, हे तुम्ही इतकी वर्षं फोनवर करतच आलात. पण आधी दोन वर्षं स्वतःच्या नावाने काम करा, वॉर्ड ऑफिसात तुम्हाला तुमच्या नावाने ओळखू द्या, मग कोणाच्या तिकिटावर उभं राहायचं ते तुम्ही ठरवा. आवड नसेल तर आजच स्पष्ट नाही म्हणा. 'बघू' म्हणालात तर पुढच्या दिवाळीला तुमच्या नावाचं उटणं वाटलेलं असेल.

शेवटी 26 जुलै. त्या दिवशी कुलाब्याला सत्तर-पंच्याहत्तर मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझला 944. एकाच शहरात. काळाचौकीत बसून तुम्हाला कुर्ल्यात काय चाललंय याची कल्पना येणं शक्य नव्हतं, आणि अण्णांनी ते घरी येऊन सांगितलंही नसणार. त्या पिढीतल्या बऱ्याच पुरुषांना 'बाळ कसं आहे, तू घाबरलीस का' हे विचारता येत नाही. टाकीचं विचारता येतं. मी त्यांची वकिली करत नाही. सहा महिन्यांचं मूल कडेवर घेऊन तीन दिवस काढलेल्या बाईला राग यायचा हक्क आहे आणि तो वीस वर्षांनी शिळा होत नाही. तो त्यांच्याकडे बोलून टाका. मिस्टरांमार्फत नको, भांडणाच्या भरात तर नकोच. 'अण्णा, त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं,' इतकंच म्हणा. तुमच्या मिस्टरांच्या चिडचिडीतही असलंच काही जुनं असेल. बाप सगळ्या चाळीचा आणि पोराच्या शाळेतल्या कार्यक्रमाला गैरहजर, अशी घरं मला कमी माहीत नाहीत. पण ते त्यांनी लिहिलं तर त्यांना वेगळं उत्तर देईन.

आणि एक कागदी काम, जे सत्काराच्या गडबडीत सगळे विसरतील. अण्णा मंडळाचे ट्रस्टी आहेत म्हणता. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल, तर विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद, द्यावा लागतो. जुन्या मंडळांत बहुतेकदा हे राहून गेलेलं असतं. कागदावर जी नावं असतात त्यातले दोघं-तिघं वारलेले, एक गावी जाऊन राहिलेला, आणि बँकेत सही चालते ती एकट्या अण्णांची. उद्या अण्णा आठवडाभर दवाखान्यात राहिले तर मांडववाल्याचा चेक कोण काढणार? उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडता येतो. वरळीच्या ऑफिसात चकरा होतील, त्या चकरांना अण्णांना नका पाठवू, कागदपत्रांसाठी जिचं नाव जाहीर केलंत तिला पाठवा. जुने ठराव कुठल्या ट्रंकेत आहेत ते मात्र अण्णांनाच विचारावं लागेल. गणपतीच्या आधी उरकून घ्या. नंतर सगळे दमलेले असतात, आणि दिवाळी होईपर्यंत सहीला कोणी सापडत नाही.